चाळीस पावलांवर

आमच्या घरात सध्या शिकारीची तयारी चालू आहे. हे वाक्य वाचून वनखात्यातील मंडळींनी दचकू नये. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मला ठाऊक आहे. दर ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताह आला की वर्गातल्या मुलांना तो मीच समजावून सांगतो. घरात बंदूक नाही. जी होती ती केव्हाच सरकारजमा झाली. तरीही या तयारीला शिकारीखेरीज दुसरे नाव मला सापडत नाही. सहलीला निघालेली माणसे आधी फराळाच्या डब्यांचा विचार करतात. शिकारीला निघालेला माणूस आधी जनावराचा विचार करतो : ते या महिन्यात कोठे असेल, काय चरत असेल, पाण्यावर केव्हा उतरेल, आणि त्या वेळी वारा कोणत्या अंगाने वाहत असेल. गेले तीन महिने आमच्या घरी जेवताना, चहा पिताना आणि रात्री दिवा मालवल्यावरही हाच विचार चालू आहे.

जनावर आहे बाराशिंगा. जागा आहे कान्हा. आणि शिकारी आहेत आमचे बाबा. त्यांचे वय ८२. डावा डोळा काचबिंदूने नेला. उजवा शिल्लक आहे, पण बांबूच्या नळीतून पाहावे तेवढेच जग त्यातून दिसते.

आमचे गाव गोंदिया जिल्ह्यात, आमगावच्या बाजूला. आमच्याकडे जंगलाला तोटा नाही. नागझिरा आहे, नवेगावबांध आहे. २०१३ पासून या दोन्ही जंगलांचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला आहे. व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांच्या लेखणीमुळे पुण्या-मुंबईच्या वाचकांनाही ही नावे परकी नाहीत. मग घरची जंगले टाकून परराज्यात जायचे कशाला, असे शेजारी विचारतात. त्याचे उत्तर एवढेच, की बाराशिंगा नागझिऱ्यात नाही. मध्य भारतात कठीण जमिनीवर राहणारी बाराशिंग्याची जी जात आहे ती एकेकाळी सर्वत्र नाहीशी होऊन फक्त कान्ह्यात उरली होती. तिच्या शास्त्रीय नावात ब्रँडर या ब्रिटिश वनाधिकाऱ्याचे नाव गुंफलेले आहे. मध्य भारतातील वन्य प्राण्यांवरचे त्यांचे पुस्तक १९२३ साली प्रसिद्ध झाले.

आणि परराज्य म्हणावे तर तेही तसे नवेच. रावणवाडीच्या पुढे बाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेश लागतो. परंतु १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ही नदी कोणत्याही राज्याची सीमा नव्हती. आमचा तेव्हाचा भंडारा जिल्हा आणि पलीकडचा बालाघाट जिल्हा एकाच राज्यात होते, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. बालाघाटला जाणे म्हणजे आमच्या लोकांना बाजाराला जाण्यासारखे. सोयरिकी तिकडच्या, बैलबाजार तिकडचा. राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नदी जागची हलली नाही. आमच्या आजोबांची शिकार मात्र परराज्यात गेली.

ही शिकार मुळात आजोबांची. पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळालेली एक ठासणीची बंदूक त्यांच्याकडे होती. तिने त्यांनी धानात शिरणारी रानडुकरे हाकलली, क्वचित एखादे पाडलेही. मोठी शिकार त्यांनी कधी केली नव्हती. त्या काळी सरकारी जंगलाचे तुकडे पाडलेले असत. त्यांना ब्लॉक म्हणत. शिकाऱ्याने वनखात्याकडे अर्ज करायचा, फी भरायची, मग ठराविक दिवसांसाठी तो ब्लॉक त्याच्या नावे होई. कोणते जनावर, किती, नर की मादी, हे सारे नियमाने बांधलेले असे. जंगल सरकारचे, म्हणजे सर्वांचे. पण अर्ज करून आपली पाळी येण्याची वाट ज्याने पाहिली त्याचे, असा तो न्याय होता.

१९५५ च्या हिवाळ्यात आजोबांनी बैहर तहसिलीतील एका ब्लॉकसाठी अर्ज केला. बाबा तेव्हा बारा वर्षांचे होते. गावच्या माजी मालगुजारांनी आपली दुनळी बंदूक देण्याचे कबूल केले होते. बैलगाडीने आमगाव, तेथून मोठ्या गाडीने गोंदिया, गोंदियाहून छोट्या लाइनीने बालाघाट आणि पुढे मिळेल त्या वाहनाने बैहर, असा बेत ठरला. पण त्या पौषात आजी तापाने अंथरुणाला खिळली. आजोबांनी तिच्या उशाशी बसून हिवाळा काढला. पुढच्या हिवाळ्यापर्यंत राज्याची सीमा बदलली होती. अर्ज कोणत्या कचेरीत करायचा, हेच मुळी कोणी सांगेना. पुढे आजोबा थकले, आणि १९७२ साली कायद्याने शिकारीचे दारच बंद केले. ते दार बंद झाले हे योग्यच झाले, असे मी शाळेत सांगतो आणि घरीही मानतो.

हा सगळा इतिहास मला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होता. पण यंदा आषाढात माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली तेव्हा तिच्यात बंदुकीच्या परवान्याखाली दोन कागद सापडले. एक त्या अर्जाची नक्कल. दुसरा म्हणजे आजोबांनी शिसपेन्सिलीने लिहिलेली सामानाची यादी. बाबांना आता वाचता येत नाही, म्हणून मी ती मोठ्याने वाचून दाखवली. तांदूळ दोन कुडव. तुरीची डाळ. मीठ, मिरची, गूळ. रॉकेल व कंदील. कोयनेलच्या गोळ्या. बारूद व टोप्या. सुतळी. हळद. आणि सर्वांत खाली : मुलाला घोंगडी, एक.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा वाच बाबू. खालचं."

मी पुन्हा वाचले.

गोष्ट अशी होती की, आजोबा त्या वर्षी बाबांना खरोखरच बरोबर नेणार होते की नुसतीच समजूत घालीत होते, याचा वाद आमच्या घरात फार जुना आहे. बाबांची थोरली बहीण त्यांना हयातभर चिडवीत असे, की बारा वर्षांच्या पोराला कोण नेतो वाघाच्या जंगलात! बाबाही हसून मान्य करीत. सत्तर वर्षे त्यांनी ते मान्य केले होते. आणि आता यादीच्या शेवटच्या ओळीत त्यांची घोंगडी निघाली.

त्या रात्री जेवताना मी म्हटले, "बाबा, कान्ह्याला जाऊ या." बाबा म्हणाले, "आता काऊन? डोरे कुठी हायेत?" पण त्यांनी 'नको' म्हटले नाही. आमच्याकडे हा होकारच समजतात.

डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकवायची. रोज रात्री थेंब चुकवायचे नाहीत. पुढच्या वर्षी किती उरेल, याची हमी नाही. म्हणजे बेत करायचा तो याच वर्षाचा.

येथून खऱ्या तयारीला सुरुवात झाली. पहिला प्रश्न महिन्याचा. मास्तराच्या दृष्टीने सोयीची सुटी दिवाळीची. कान्हा पावसाळ्यात बंद असते, ते १ ऑक्टोबरला उघडते, तेव्हा दिवाळीत सहज जाता आले असते. पण बाबांनी तो विचार पहिल्याच दिवशी मोडीत काढला. दिवाळीला गवत हिरवे आणि उंच असते. उंच गवतातले हरीण धडधाकट डोळ्यांनाही दिसायचे नाही. बाराशिंगा हा कुरणातला प्राणी, गवतावर जगणारा. त्याची शिंगे उन्हाळ्याच्या सुमारास गळतात, पावसाळ्यात मखमलीसारख्या लवेखाली नवी वाढतात आणि हिवाळ्यापर्यंत कठीण होतात. डिसेंबर-जानेवारीत त्यांचा माजाचा काळ. तेव्हा नर गळा ताणून साद घालतात. ती साद फार लांबवर जाते. शिंगांनी गवत उपटून ते शिंगांवरच मिरवतात. आमच्या कन्येला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मुंडावळ्या!" त्याच दिवसांत नराचा रंग गडद तपकिरी होतो आणि कुरण पिवळे पडते. पिवळ्यावर गडद रंग : बाबांच्या डोळ्याला हेच हवे होते. डॉक्टरांनी सांगितलेच होते की त्यांना फिक्यावर फिके दिसत नाही, अंधुक उजेडातही दिसत नाही. तेव्हा ठरले, डिसेंबरचा तिसरा आठवडा. नाताळची गर्दी व्हायच्या आत. माझ्या दोन किरकोळ रजा शिल्लक होत्या. त्या मी सोन्याच्या मोहरांसारख्या जपून ठेवल्या आहेत.

दुसरा प्रश्न अंतराचा. बाबांना नेमके किती लांबचे दिसते, हे आम्ही कधी मोजलेच नव्हते. हलके धान कापून झालेल्या एका बांधीत आम्ही गेलो. बांधीच्या मध्यावर खुंटा रोवून त्यावर काळपट घोंगडी टाकली. कन्या घोंगडीजवळ उभी राहिली आणि मी बाबांचा हात धरून धुऱ्यावरून पावले मोजीत मागे सरत गेलो. वीस पावलांवर बाबा म्हणाले, "दिसते." तीसवर, "दिसते." चाळीसवर ते थांबले, मान थोडी डावीकडे वळवली, नळी नेमकी घोंगडीवर आणली आणि म्हणाले, "हाय." पन्नासवर त्यांना पिवळ्या बांधीखेरीज काही दिसले नाही. त्यांनी तसे सांगितले नाही. नुसतेच "घरी चाल" म्हणाले.

चाळीस पावले! हा आकडा घरात आला आणि साऱ्या बेताचे रूपच बदलले. मला एक जुनी वाचलेली गोष्ट आठवली. अमेरिकेत एल्क नावाचे बाराशिंग्याहूनही मोठे हरीण आहे. पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत तेथील कायद्याने त्याची शिकार करता येते, आणि काही शिकारी ती बंदुकीने न करता धनुष्यबाणाने करतात. दुसऱ्या राज्यातला माणूस असेल तर त्याला जास्त फी, वेगळा अर्ज, वर पुष्कळ ठिकाणी सोडत. काहींचा नंबर लागेपर्यंत कित्येक वर्षे जातात. जंगल सरकारी, पाळीने मिळणारे. आमच्या आजोबांच्या ब्लॉकचाच तो भाऊ म्हणायचा. पण माझ्या ध्यानात राहिले होते ते निराळे. बंदूकवाला शे-दोनशे पावलांवरून काम उरकतो. धनुष्यवाल्याला तीस-चाळीस पावलांच्या आत जावे लागते. म्हणून त्याची तयारी वर्षभर चालते. वारा, वास, चाहूल, जनावराची वाट, सारे त्याला जाणून घ्यावे लागते, कारण त्याच्या हातात लांब पल्ला नसतो.

बाबांचा डोळा पूर्वी बंदूक होता. आता तो धनुष्य झाला आहे.

गावात एक गोंड म्हातारे आहेत. सारा गाव त्यांना काका म्हणतो. त्यांच्या घरात आढ्याला एक बांबूचे धनुष्य अडकवलेले असते. दोरीही बांबूच्याच चोयेची. दसऱ्याला ते खाली उतरते, पूजा होते, पुन्हा वर जाते. आमचा चाळीस पावलांचा हिशेब मी त्यांना सांगितला तेव्हा त्यांना मुळीच नवल वाटले नाही. ते म्हणाले, "मास्तर, बंदूकवाला जनावराले पायते. धनुष्यवाल्याले जनावरानं पायलं नाई पायजे." मग त्यांनी बाबांना आणि आमच्या कन्येला समोर बसवून सूचना दिल्या. डोक्याला वासाचे तेल लावायचे नाही. तंबाखू नको. भडक कपडे नकोत. खोकला आला तर तोंडावर दुपट्टा धरायचा. बोट दाखवायचे नाही. हात हलला की जनावर उठते. आणि गाडी थांबली की मनात शंभर मोजीपर्यंत कोणी हलायचे नाही.

जाता जाता ते आणखी एक बोलले. त्यांच्या मावशीचे सासर बैहरकडचे. कान्ह्यात कुरणे वाढावीत म्हणून त्या भागातली गोंड-बैगांची गावे उठवली गेली. मुक्कीच्या बाजूला सौंफ नावाचे कुरण आहे, तेही असेच एका गावाच्या जागेवर उभे राहिलेले. काका म्हणाले, "हरीन पायजा. पन त्या गवताखाली चूलबी होती, हे ध्यानात ठेवजा." मी ते यादीत लिहून ठेवले. ती वस्तू पिशवीत भरता येत नाही, पण विसरून चालणार नाही.

सौंफचे कुरण म्हणूनच आमच्या बेतात आले. बाराशिंग्याचे पाऊल तेथे पडते, आणि गोंदियाहून बालाघाट, बैहर अशा वाटेने मुक्कीचे फाटक आम्हाला सोयीचे. कान्ह्याचे दुसरे मोठे फाटक खटियाचे. त्या अंगाला कान्ह्याचे मूळ मैदान आणि श्रवण ताल नावाचे तळे आहे. तिथली माणसे सांगतात, दशरथ राजाने शब्दवेधी बाण सोडला आणि पाणी भरणारा श्रावणबाळ मेला तो याच तळ्यावर. जवळच दशरथाच्या मचाणाची जागाही दाखवतात. मी ही माहिती जेवताना सांगितली. सौ. लगेच म्हणाली, "मग काय, आमच्या घरचा श्रावणबाळही चाललाच आहे कावड घेऊन!" सगळे हसले. बाबा भाताचा घास तोंडाशी नेता नेता थांबून म्हणाले, "त्या पोराचं पुढं का झालं थे ठाऊक हाय ना? मंग त्या तरावावर नोको."

पण त्यांच्या डोक्यातून ती गोष्ट गेली नव्हती. झोपताना मला म्हणाले, की आजोबांनी बंदूक हातात द्यायच्या आधी त्यांना एकच नियम शिकवला होता : आवाजावर बार सोडायचा नाही. गवत हलले, पान वाजले, पाणी डुबुक्‌ झाले, तरी नाही. अंग पाहायचे, शिंगे पाहायची, मागेपुढे कोण आहे ते पाहायचे, मगच घोडा ओढायचा. दशरथाचा नेम चुकला नव्हता. नेम अगदी बरोबर लागला, म्हणून तर पोर मेले. बाबा म्हणाले, "राजा होता, पन त्याले शिकवनारा बाप शिकारी नसंल."

मी पुष्कळ वेळ या वाक्याचा विचार करीत पडून राहिलो. पाहिल्याशिवाय सोडायचे नाही, हा नियम ज्यांनी जन्मभर पाळला त्यांची नजरच आता जात आहे. आणि तरी त्यांना पाहायचे आहे, सोडायचे काहीच नाही.

तिसरा प्रश्न पैशांचा. तो सर्वांत साधा आणि सर्वांत अवघड. उद्यानाच्या गाडीत सहा प्रवाशांना बसता येते, बरोबर वाटाड्या असतो. प्रवेशाचे तिकीट, गाडी, वाटाड्या, राहणे, जाणे-येणे या सर्वांची बेरीज कन्येने वहीत मांडली तेव्हा घर गप्प झाले. हलक्या धानाचे पैसे आले होते, परंतु ते घरावरचे कवेलू बदलायला ठेवलेले. यंदाच्या पावसात माजघरात दोन ठिकाणी टोपली मांडावी लागली होती. शिवाय थंडीची भीती. डिसेंबरात पहाटे त्या उघड्या गाडीत मोठी माणसेही कुडकुडतात. ८२ वर्षांच्या माणसाचे काय? सौ. महिनाभर या बेताच्या विरुद्ध होती, आणि तिची बाजू लंगडी होती असे मला म्हणता येणार नाही.

एके संध्याकाळी बाबा ओसरीवर बसले होते. मी शाळेतून आलो. त्यांनी माझ्याकडे तोंड केले, पण नळी माझ्यावर यायला वेळ लागला. तेवढ्या वेळात ते दाराच्या चौकटीशीच बोलत होते. सौ. आतून पाहत होती. रात्री तिने वही मागून घेतली, तीन फेऱ्यांपैकी एक खोडली, पहाटेची खोडून दुपारची ठेवली, आणि म्हणाली, "कवेलू पुढच्या वर्षीही तिथेच राहतील. मामाजींच्या डोळ्यांचा भरवसा नाही. जाऊन या."

पहाटेची फेरी खोडली हेही बरेच झाले. पहाटेच्या धुक्यात बाबांना काहीच दिसले नसते. दुपारी ऊन कलते, पिवळे गवत उजळते. एक दुपार आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ, तीही ऊन चढेपर्यंत थांबण्याच्या बोलीने, असे शेवटी ठरले. बुधवारी दुपारी उद्यान बंद असते, तो दिवस टाळला. परवाना कन्येने फोनवरूनच काढला. त्यासाठी ओळखपत्राचा नंबर लागतो. कोणाचे नाव आधी घालायचे, असे तिने विचारले. मी म्हटले, "आबाजींचे." तिने परवान्याची छापील प्रत काढून आणली आणि बाबांच्या हातात दिली. बाबांनी तिच्यावरून बोट फिरवले. "माझं नाव कुठी हाय?" तिने त्यांचे बोट धरून नावावर ठेवले. १९५५ चा अर्ज आजोबांच्या नावाने होता. बाबांच्या नावाने सरकारी जंगलाचा हा पहिलाच परवाना. त्यात कोणत्या जनावराचे नाव नाही, संख्या नाही, नर-मादी नाही.

चौथा प्रश्न राहिला तो चाळीस पावलांचा, आणि तो आमच्या हातचा नाही. आजोबांच्या काळी शिकारी पायी जाऊन अंतर कमी करू शकत होता. आता गाडीतून उतरता येत नाही, गाडीला वाट सोडता येत नाही. आपण जनावराकडे जायचे नाही; जनावराने आपल्याकडे यायचे. म्हणजे पाण्याच्या बाजूला, कळप वाट ओलांडतो अशा जागी थांबून राहायचे आणि इतर गाड्या वाघाच्या मागे धावल्या तरी आपण हलायचे नाही. वाटाड्याला हे आधीच सांगायला हवे, की आम्हाला वाघ नको. सहा जणांच्या गाडीत आम्ही तिघेच असणार आहोत, ते एवढ्यासाठीच. गाडीत दुसरे कोणी असते तर त्याला वाघ हवा असता, आणि तो त्याचा हक्कच होता.

सरावही चालू आहे. कन्या घड्याळाच्या आकड्यांनी दिशा सांगते. नाकासमोर बारा, उजवा हात तीन, डावा हात नऊ. अंगणात ती कुजबुजते, "आबाजी, दहावर, बसलेली गाय." बाबा मान सावकाश दहावर नेतात, नळी स्थिर करतात आणि म्हणतात, "हाय. काळी नाई, तांबडी हाय." पहिल्या आठवड्यात त्यांना यात मिनिट लागे. आता लवकर साधते. ती बारा वर्षांची आहे. आजोबांची यादी केली तेव्हा बाबा जेवढे होते तेवढीच.

मास्तराला आकड्यांची खोड असते, म्हणून एक हिशेब येथे मांडतो. आजोबांनी अर्ज केला तेव्हा कान्ह्याचे बाराशिंगे आधीच कमी होऊ लागले होते. १९७० साली मोजले तेव्हा ते अवघे ६६ उरले. मग कुरणे राखली गेली, त्यांच्यासाठी कुंपण घातलेली सुरक्षित जागा केली, शिकार थांबली, आणि आज ही संख्या हजाराच्या घरात गेली आहे. २०१५ पासून त्यातले काही सातपुड्यात, आणि २०२३ पासून बांधवगडातही नेऊन सोडले. आता समजा, त्या पौषात आजी आजारी पडली नसती. आजोबा बैहरला पोचले असते. त्यांचा नेम चांगला होता. आमच्या भिंतीवर शिंगांची एक जोडी असती, तिच्यावर आम्ही टोप्या अडकवल्या असत्या, आणि ६६ मधून कदाचित एक वजा झाला असता. आजीच्या तापाने तो वाचला. डिसेंबरात जो नर त्या कुरणात साद घालील तो आजोबांनी न मारलेल्या बाराशिंग्याचा वंशज असेल, अशी मी आपली समजूत करून घेतली आहे. हे सिद्ध करता येणार नाही, पण खोटे आहे असेही कोणाला सिद्ध करता येणार नाही, आणि कादंबरीकाराला तेवढी मोकळीक असावी.

नव्या सामानाची यादी कन्येच्या वहीत आहे. डोळ्यांचे थेंब, दोन बाटल्या. ओळखपत्रे. कानटोपी. गरम पाण्याची बाटली. औषधांचा डबा. मुरमुरे, चिवडा, पण गाडीत खायचे नाही, कागद वाजतो. तुपाचे दोन लाडू, वाटाड्यासाठी. काकांचे वाक्य. आणि खाली तिने आपल्या अक्षरात लिहिले आहे : आबाजींना घोंगडी, एक. कोणी सांगितले नव्हते.

परवा मी बाबांना न राहवून विचारले, "समजा बाबा, कळप चाळीस पावलांच्या आत आलाच नाही, तर?"

बाबा पान खात होते. त्यांनी चुना पुसला आणि म्हणाले, "नाई दिसला तं ऐकू येईल. नाई ऐकू आला तं जाऊन तं येऊ. माह्या बापाचं तेवढंबी झालं नोतं."

मग त्यांनी मला वारा कोणत्या अंगाचा आहे ते विचारले, आणि मी अंगणात जाऊन पाहून आलो.